मातीत विरघळणारा ट्रे

महाळुंग्यात आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग ठेवायचे प्लास्टिकचे ट्रे बनवते. पर्यावरण विभागात मी एकटाच. 'आपण ग्रीन झालं पाहिजे' असं वरून फर्मान आलं, आणि तेव्हापासून भंगारापेक्षा किस्सेच जास्त साठायला लागलेत राव.

*

पहिलं माहितीपत्रक प्लँट हेड साने साहेबांनी स्वतः लिहिलं. निसर्गाचा मित्र, प्रदूषणमुक्त, शंभर टक्के सुरक्षित, काय काय होतं त्यात. ते पिंपरीच्या ऑफिसात गायकवाड मॅडमकडे गेलं. मॅडम कंपनीच्या वकील. "सिद्ध करता येणार नाही, कुणी ग्राहक कोर्टात गेला तर अडकू," असं म्हणत त्यांनी एकेक शब्द खोडला. परत आलं तेव्हा एकच वाक्य उरलं होतं: 'आम्ही ट्रे बनवतो.'

साहेबांनी वैतागून फोन लावला. "एवढं तरी कशाला ठेवलंत?"

"फॅक्टरीचं लायसन्स बघितलं मी."

*

मग गेटवर बोर्ड लागला, 'शून्य कचरा कंपनी'. त्याच दिवशी कचऱ्याचा टेम्पो बरोब्बर बोर्डाखाली बंद पडला, आणि समोर ट्रे घेणाऱ्या कंपनीच्या पाहुण्यांची गाडी. साहेब अजिबात डगमगले नाहीत.

"बघा, सगळा बाहेर चाललाय. आत शून्यच."

*

पाहुण्यांना फिरवायला बॅटरीवरची गाडी घेतली. एका गुरुवारी लाइट गेली म्हणून ती जनरेटरवर चार्जिंगला लावली होती. काळा धूर बघून पाहुण्यांनी विचारलं, "हा कुठला?"

"शेजारच्या कंपनीचा," साहेब म्हणाले.

आमचे माळी बबनमामा शेजारीच पाणी घालत होते. ते मदतीला धावले. "न्हाई साहेब, गुरुवार हाय. त्यांची सुट्टी."

*

पण खरी फाटली ती नव्या ट्रेच्या वेळी. 'सहा महिन्यांत मातीत विरघळतो' असा दावा, आणि खाली सही माझी हवी होती. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कदम, खोटं निघालं तर नोटीस तुमच्याही नावानं येईल." त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. दुसऱ्या दिवशी धीर करून साहेबांना म्हणालो, "आधी एक पुरून बघू. मगच सही."

साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पण ट्रे पुरला.

सहा महिन्यांनी बबनमामांनी तो उकरला आणि नळाखाली धुतला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"माती खराब असेल," साहेब म्हणाले.

मामा ताठ उभे राहिले. "कंपनी यायच्या आधी हितं माझं शेत व्हतं. आमी बटाटा काढलाय ह्या मातीत. मातीला नावं ठेवू नका."

साहेबांनी ट्रे उलटासुलटा करून बघितला, बोटानं वाजवला.

"कदम, 'विरघळतो' खोडा. 'मातीतसुद्धा टिकतो' लिहा. आता तरी सही कराल?"

मी खिशातून पेन काढलं.