गेंचोचं सरळ नाक

आमच्या इमारतीतल्या गेंचोचं नाक तरुणपणी फुटबॉलच्या मैदानावर मोडलं आणि एका बाजूला वाकलं, ते कायमचंच. त्यामुळे तो साधा हसला तरी कुणाची तरी टर उडवतोय असं वाटायचं. बहुतेक वेळा तो उडवतही असे. बायको ज्लातीना त्याच्याशी रोज कडाकडा भांडायची. त्यांची तिसऱ्या मजल्यावरची भांडणं मला तळमजल्यावर फुकटात ऐकायला मिळायची.

गेंचोला जाऊन सहा महिने झाले. आम्हा बल्गेरियन लोकांत अशा वेळी गेलेल्या माणसाचा फोटो छापलेला कागद पुन्हा लावतात. इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, तो रोज बसायचा त्या गुत्त्याबाहेर. तो वाचून लोक थडग्यापाशी येतात, उकडलेला गोड गहू हातावर घेतात आणि 'देव त्याला क्षमा करो' म्हणतात. जितकी तोंडं म्हणतील तितकं मेलेल्याचं भलं, अशी ज्लातीनाची श्रद्धा. गेंचोला क्षमेची गरजही बरीच होती.

या वेळचा फोटो मुलीनं, मिरेनानं, व्हिएन्नाहून अंत्यविधीच्या दुकानाला परस्पर पाठवला, आणि दुकानाच्या माणसांनी तो छापून चिकटवलाही. घरातले सगळे जुने फोटो तिनं मागेच नेऊन संगणकात घातले होते. संगणकानं ते सुधारले, आणि घर बदलताना तिनं मूळ फोटो टाकून दिले. कागदावरच्या गेंचोचं नाक सरळ, दात पांढरेशुभ्र, गालावर एक सुरकुती नाही. सुधारायला सांगितलं होतं कुणी त्या यंत्राला?

गुत्त्यातल्या मंडळींनी कागद पाहिला, नाव वाचलं, हा दुसराच कुणी गेंचो असेल म्हणाले आणि आत जाऊन बसले. शनिवारी थडग्यापाशी आम्ही तिघंच होतो: ज्लातीना, मी आणि पहिल्या मजल्यावरचा कोल्यो. पातेलंभर गहू तसाच राहिला.

स्मशानाच्या फाटकातच ज्लातीनानं मुलीला फोन लावला. मिरेनाचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. ती कौतुकानं म्हणाली, "बाबा किती छान दिसतायत ना, आई?"

"छान? अगं, जन्मभर मी ज्याच्याशी भांडले तो हा नव्हेच. ह्या मेल्याशी मी एक शब्दसुद्धा बोलले नसते."

मिरेना लगेच म्हणाली, नाक पुन्हा वाकडं करून देते, त्यात काही अवघड नाही. फक्त कुठल्या बाजूला ते सांग.

मी म्हणाले, डावीकडे. कोल्यो म्हणाला, उजवीकडे. मी म्हटलं, तुझी नजर दारूनं गेलीय. तो म्हणाला, तू उभ्या जन्मात गेंचोकडे सरळ नजरेनं पाहिलंयस का. दोघंही हट्टाला पेटलो आणि शेवटी ज्लातीनाकडे वळलो. ती डोळे मिटून उभी होती.

"आई, कुठली बाजू?" मिरेनानं पुन्हा विचारलं.

"डोळे मिटले तरी आता हाच दिसतो गं मला," ज्लातीना म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.