तिने लावलेला गेन

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. नवऱ्याने असं बोलून दाखवू नये म्हणतात. पण ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं फिजिक्स शिकवणारा माणूस घरातच फिजिक्समध्ये हरला, तर त्याने काय करावं?

दुर्बीण माझी, तिला लावायचा कॅमेराही मीच हौसेने आणलेला. तेजोमेघांचे फोटो काढायचे तर दोन आकडे ठरवावे लागतात. एक्सपोजर, म्हणजे एकेका फोटोसाठी कॅमेऱ्याने किती वेळ उजेड गोळा करायचा; आणि गेन, म्हणजे तो उजेड किती फुगवून नोंदवायचा. गेन फार कमी ठेवला तर अंधुक भाग खरखरीत ठिपक्यांत बुडतो, फार वाढवला तर तेजस्वी भाग पांढराफटक होतो. मी इंटरनेटवरचे तक्ते वहीत उतरवून घेतले होते, रेघा मारून. फोटो मात्र वाईटच यायचे.

बायको अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. माझी धडपड बघून एकदा म्हणाली, "तक्ता कायले पाहता? पेशंट पाहा ना." वाळलेल्या म्हातारीला आणि दणकट माणसाला सारखं एक्सपोजर देत नाहीत, एवढ्या भांडवलावर ती कॅमेऱ्यापाशी बसली. एक फोटो घेतला, त्यातले किती ठिपके किती उजळ ते दाखवणारा आलेख पाहिला. आकाशाचा उंचवटा डावीकडच्या कडेपासून जरासा सुटेपर्यंत एक्सपोजर वाढवलं, तारे पांढरे पडायला लागले तसा गेन खाली आणला. पाच मिनिटांत काम झालं. माझी वही तिने उघडलीसुद्धा नाही, आणि याचा मला जास्त राग आला.

पुढे प्राचार्यांना कॉलेजच्या हॉलसाठी एक मोठा फोटो हवा होता. मी मोबाईलवर माझे चार दाखवले, त्यात तिचा एक चुकून गेला. त्यांचं बोट नेमकं तिथेच थांबलं. तो बायकोने काढलाय, हे मला सांगावं लागलं. "यांच्याकडूनच मृगातल्या तेजोमेघाचा घ्या," ते म्हणाले. यांच्याकडूनच! तो शब्द मी घरापर्यंत चघळत आलो.

त्यासाठी आम्ही केशोरीला, माझ्या सासुरवाडीला गेलो. तिथलं आकाश काळंभोर. थंडीचे दिवस होते, मृग संध्याकाळीच पूर्वेला वर आलेलं. अंगणात तिने दुर्बीण लावली, गेन शंभर, एक्सपोजर एक मिनिट, आणि कॅमेरा एकामागून एक फोटो घ्यायला लागला. अर्ध्या तासाने सासूबाईंनी जेवायला हाक मारली. मी म्हटलं, तू जेवून घे, मी लक्ष ठेवतो.

आतून सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू मास्तर हायेत, पन यातलं आपल्या पोरीलेच जास्त समजते."

मी फोटोंची मालिका थांबवली, गेन तीनशे केला आणि पुन्हा सुरू केली. बरं वाटलं. तीनशेला तेजोमेघाचा मधला भाग पांढरा पडणार आणि हॉलच्या भिंतीवर तिचा फोटो लागणार नाही, एवढंच मला हवं होतं. लॅपटॉपची स्क्रीन बंद केली.

"बरोबर चालू हाये ना?" तिने हात पुसत विचारलं.

"हो. स्क्रीन बॅटरीसाठी बंद केली."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी तिने फोटो उघडले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये गेन, एक्सपोजर आणि घेतल्याची वेळ नोंदलेली असते. हे मीच तिला शिकवलं होतं.

"सात बावन्नपासून गेन तीनशे हाये. काऊन?"

"सॉफ्टवेअरने आपोआप केला असेल."

एक्स-रे पुसट आलेला असताना 'मी हललोच नाही' म्हणणाऱ्या पेशंटकडे ती जशी बघत असेल, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्याचं झाकण माझ्या हातात दिलं. "तुमच्या गेनचे डार्क तुमीच घ्या."

डार्क म्हणजे झाकण लावून, त्याच गेनला आणि तेवढ्याच एक्सपोजरला घेतलेले काळे फोटो. कॅमेऱ्याची स्वतःची खरखर त्यात उतरते आणि खऱ्या फोटोतून वजा करता येते. मी तासभर अंधाराचे फोटो काढले.

तिने माझे फोटो टाकले नाहीत. मधला तेजस्वी भाग तिच्या शंभरच्या फोटोंतून घेतला, बाहेरचे अंधुक पदर माझ्या तीनशेच्या. फोटो सुरेख आला आणि हॉलमध्ये लागला. खाली दोन्ही गेन लिहिले होते आणि आमची दोघांची नावं. आम्ही दोघं तो बघायला गेलो तेव्हा प्राचार्य खूश झाले. "दोन गेन वापरायची कल्पना कोणाची?"

"यांचीच," ती म्हणाली. "मी तं जेवून राहिली होती."

प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला. मी थँक्यू म्हणालो.

परतताना ती गाडीवर मागे बसली होती. म्हणाली, "पुढच्या खेपेस जळायचं असन तं आधी सांगत जा. मी एक्सपोजर कमी ठेवीन."

गेन वाढवला तर एक्सपोजर कमी करायचं म्हणजे मधला भाग वाचतो. तिचं अगदी बरोबर होतं. अंगणात मला ते सुचलं नव्हतं, आणि गाडी चालवता चालवता मला त्याचाच राग येत होता.