ताइमीच्या सुरीचं पाणी

आमच्या शिकार मंडळात एल्क हरीण कुणीही मारो, ते सोलायचं ताइमी केम्पाइनेननेच. हरणाचं एवढं धूड, पण सुरी तिची वीतभरच. "लांब पातं भित्र्याला लागतं," ती म्हणायची. हाडावर सुरी कधी घालायची नाही. बोटांनी सांधा चाचपायची आणि तिथूनच आत शिरायची. काम झालं की धुऊन, पुसून, पात्याला तेलाचं बोट लावून फडक्यात गुंडाळायची. म्यानात ओल धरते म्हणून मंडळाच्या मांस कापायच्या खोलीतल्या फळीवर ठेवायची.

त्या ऑक्टोबरात सुरी बिघडली. दगडावर पाजळली की धार यायची, पण एक मांडी सोलेपर्यंत बोथट. ताइमीचा संशय सरळ मंडळातल्या नव्या वेइयोवर गेला. तळ्यापलीकडचं घर घेऊन तो वसंतातच हेलसिंकीहून आला होता.

"माझ्या सुरीने हाडं फोडतोय तो," ती मला म्हणाली.

"पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? खोलीची किल्ली आहे त्याच्याकडे."

"किल्ली माझ्याकडेही आहे, ताइमी."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "हो, आहे खरी." त्यानंतर आठवडाभर तिने माझ्या घरची कॉफी घेतली नाही.

मग ती सुरी घरी नेऊ लागली. तरी तेच. आता तिला वाटलं, कुणी पातंच बदललं. खिडकीशी नेऊन तिने ते नीट निरखलं. पातं तिचंच होतं, पण धारेलगत निळसर झाक होती. पोलाद तापलं होतं, त्याचं पाणी उतरलं होतं, म्हणून धार टिकत नव्हती. दगडाने असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे सूप पीत असताना तिने मंडळाच्या प्रमुखाला, आर्मासला विचारलं, "विजेचा ग्राइंडर तुझ्याच शेडमध्ये आहे ना?"

तरुणपणापासूनचा तिचा दोस्त तो. त्याने चमचा खाली ठेवला. "दगडावर तुझा हात थरथरायला लागलाय. म्हटलं, तुला न कळता धार लावून ठेवावी."

"पातं गार करायला पाण्यात बुडवत होतास?"

"घाईत होतो."

वेइयो खाली मान घालून पाव खात राहिला. त्याच्यावर आळ होता हे त्याला ठाऊक होतं. आम्ही काही तेवढे हळू बोलत नव्हतो.

आर्मासच्या गाडीत बसायचं नाही म्हणून नवी सुरी आणायला ताइमी वेइयोबरोबर शहरात गेली. दुकानात तिने पाणी मागितलं आणि ओल्या हाताने एकेक मूठ धरून पाहिली. जी निसटत नव्हती ती घेतली. ती जाड मुठीची होती, कापऱ्या हाताला बरी.

वेइयोची माफी तिने मागितली नाही, पण येताना पेट्रोल तिने भरलं. आर्मासशी ती पूर्वीसारखीच बोलते, फक्त नवी सुरी टेबलावर असली की त्याच्याकडे पाठ करत नाही.