अण्णांची सही आणि माझं परिपत्रक

पिंपळगाव रेणुकाईच्या स्टँडवरून मी निघाले तेव्हा माझ्यासोबत एक पत्र्याची पेटी, मायने बांधून दिलेल्या दशम्या आणि अण्णा एवढं सामान होतं. वडिलांना सामानात धरलं म्हणून हसू नका. जालन्यापर्यंत ते पेटीवर हात ठेवून पेटीसारखेच बसून राहिले. मायने खिडकीतून आत हात घालून माझं मनगट धरलं होतं. "रेणुकाईला नारळ बोलले म्या. वकील होऊनच ये," एवढंच म्हणाली.

शाळेच्या ग्रुपवर तुम्ही परवा विचारलंत, साहेब झाल्यावर कसं वाटतं. गावात राहिलेल्यांनी विचारलं आणि पुण्या-मुंबईला गेलेल्यांनीही. त्याचं उत्तर या पेटीपासूनच सुरू होतं.

पुण्यात वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी फॉर्म पुढे केला. अण्णांनी खिशातलं पेन काढून सही ठोकली. मी वाचायला वाकले, तर डोळे वटारले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मोठ्या माणसानं कागद पुढं केला तर वाचत बसायचं न्हाई. शक घेतल्यासारखं व्हतं." आपल्याकडची ही रीत तुम्हाला नव्याने सांगायला नको. वाचणारा माणूस म्हणजे कोत्या मनाचा.

त्या फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं, की पालकांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन रेक्टरांना भेटावं. महिन्याभराने बाईंनी आठवण करून दिली. मी घाबरून घरी फोन लावला. पुण्यातला कुणी नातेवाईक आला तरी चालेल, हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "सही मी केली ना? मंग मीच येणार."

आणि वर्षभर आले! ऐन पेरणीतसुद्धा आले. आधी बस, मग रेल्वे, परत बस. बाईंसमोर पाच मिनिटं उभं राहायचं, "पोरीचं बराबर चाललंय ना?" विचारायचं आणि उलट्या पावली स्टँड गाठायचा. मला तेव्हा मैत्रिणींसमोर लाज वाटायची, हेही कबूल करते. शेवटी बाईच ओशाळल्या आणि हात जोडून म्हणाल्या, आता येऊ नका. अण्णा म्हणाले, "मंग तसं लिहून द्या." लिहून घेतलं आणि न वाचताच खिशात घातलं.

पुढे मी रुग्णांचे खटले लढवू लागले. पहिलीच बाई आपल्यासारख्या गावातली. सांगितलं होतं एक ऑपरेशन, केलं दुसरं. कागद इंग्रजीत, खाली तिचा अंगठा. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "अंगठा तुमचाच ना?" ती "हो" म्हणाली आणि आम्ही हरलो. कोर्टाच्या पायरीवर बसून तिने मलाच विचारलं, "माझं काय चुकलं, ताई?" मला अण्णा दिसले. अशी माणसं सही करतात म्हणजे शब्द देतात. समोरचा मात्र कशालाच बांधलेला नसतो.

मग बरीच वर्षं कोर्टात गेली. काही खटले जिंकले, काही हरले. एकेका बाईसाठी भांडून पुरणार नाही हे उमगलं तेव्हा आरोग्य विभागात विधी सल्लागार झाले. "गेली बाई मऊ खुर्चीत," म्हणून सोबतच्या वकिलांनी नाकं मुरडली. आज मंत्रालयात माझ्या दारावर सहसचिव म्हणून पाटी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. आडून कशाला सांगू? त्याहून जास्त अभिमान एका परिपत्रकाचा आहे. किती ड्राफ्ट, किती मीटिंगा, फाइल किती टेबलांवर झोपली, ते विचारू नका. नियम साधा आहे: ऑपरेशनचं संमतीपत्र मराठीत असावं, रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवावं, आणि रुग्णाच्या सहीखाली वाचणाऱ्यानेही सही करावी.

त्याची पहिली प्रत मी घरी पाठवली. अण्णांचा फोन आला. "तू डॉक्टरांवर शक घेऊन राह्यली का? भरवसा न्हाई का तुझा?" मी खूप समजावलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन मायकडे दिला. सगळ्या राज्याला आदेश गेला होता, पण ज्यांच्यामुळे तो सुचला त्यांनाच पटला नव्हता. ते फार लागलं मला.

यंदा अण्णांच्या मोतीबिंदूसाठी जालन्याच्या एका दवाखान्यात गेलो होतो. मी कोण ते कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. नर्सने कागद पुढे केला. "बाबा, इथं सही करा. जल्दी करा, नंबर आलाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायने माझा हात दाबला. अण्णांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबले.

"आधी वाचून दाखव, बाई. मंग माझी सही, अन् खाली तुझी."

"भरवसा न्हाई का बाबा आमच्यावर?"

त्यांचाच प्रश्न! मी अण्णांकडे पाहिलं.

"हाय की. बिलकुल हाय. पण मी सही केली की शब्द पाळतो, पेरणी असू दे न्हाई तर काही बी. मंग तुझा बी शब्द नको का?"

तिने वाचलं. अण्णांनी दोनदा थांबवून अर्थ विचारला. मग दोघांनी सह्या केल्या. नर्सला हसू आलं. "हा नियम तुम्हाला कुणी सांगितला, बाबा?"

अण्णांनी पेन खिशाला लावलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घरचाच कागद हाय तो," म्हणाले.

मुंबईत मला सरकारी घर आहे, पिंपळगावात अण्णांचं आहे, आणि इतकी वर्षं या दोन्हींमध्ये मी पाहुणीसारखी येत-जात होते. आता कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात गेले आणि कुणी तो कागद मोठ्याने वाचत असलं, की मी दारात थांबून शेवटपर्यंत ऐकते. मला घरी आल्यासारखं वाटतं.