आबांच्या खात्याची लाइन

आबा, म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. दहिवडीपासून आमच्या गावापर्यंतची लाइन त्यांच्याच हातची. दिल्लीत मंत्रालयाचं नाव बदललं की इथल्या ऑफिसवरची पाटी बदलायची. डाक-तार होतं, त्याचं दूरसंचार झालं, मग तर सरकारी कंपनीच झाली. आबा नवी पाटी बघून यायचे आणि म्हणायचे, "पाटी बदलली, खांब त्योच हाय."

माझा थोरला भाऊ, दादा, त्यांच्याशी भांडून मुंबईला गेला तो गेलाच. ना पत्ता, ना नंबर. पण दर भाऊबीजेला संध्याकाळी घरचा फोन वाजायचा. आई उचलायची. पलीकडून चकार शब्द नाही, नुसता खोकला. तो खोकला त्याचाच, लहानपणापासूनचा. आई विचारायची, "जेवलास का रं?" मग पाऊसपाणी, शेळ्या, माझी मिरजेतली नोकरी, सगळं सांगून टाकायची. तो ऐकायचा आणि फोन ठेवायचा. मला अस्सा संताप यायचा! बहीण ओवाळायला बसलीय आणि ह्या शहाण्याला तोंड उघडायला काय झालं होतं?

आमच्या जुन्या फोनवर नंबर दिसायची सोय नव्हती. "आबा, तुमच्या खात्यातनं काढा की नंबर," मी कितीदा म्हटलं. त्यांनी मनात आणलं असतं तर सहज मिळाला असता. पण आबा ताडकन उठायचे. "खांबावर लोकांची बोलणी कानावर पडत्यात, ती पोटात ठेवायची. कुणाची लाइन हुडकायची न्हाई. घरच्या माणसाची तर न्हाईच न्हाई." आबा वारले तेव्हा दादाला कळवायचं कुठं, हाच प्रश्न होता. पुढच्या भाऊबीजेला आईनंच फोनवर सांगितलं. त्या दिवशी त्यानं बराच वेळ फोन ठेवला नाही.

यंदा रस्ता रुंद करताना केबल उखडली. मी रजा टाकून साताऱ्याच्या ऑफिसात गेले. आवाज चढवला, रडले, शेवटी हात जोडले. साहेब भला माणूस. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "ताई, त्या लाइनवर तुमचा एकच फोन उरला होता. तांब्याची तार आता कोणी टाकत नाही आणि फायबर तिकडं पोचलेलं नाही." मी म्हटलं, निदान तो नंबर माझ्या मोबाइलवर वळवा. "नंबरच बंद झालाय, वळवू काय? तुमचे वडील आमच्यातलेच होते, पण मी काय करू सांगा." त्याच्या हातात काही नव्हतं आणि माझ्या तर नव्हतंच.

भाऊबीजेला आई दुपारपासून फोनशेजारी बसून राहिली. फोन बंद पडलाय हे तिला हजारदा सांगून झालं होतं.

"ठावं हाय मला," ती करवादली. मग रिसीव्हर उचलून परत ठेवत म्हणाली, "त्येनं लावला तर तिकडं काय ऐकू यील गं?"

मी माझ्या मोबाइलवरून घरचाच नंबर लावला आणि तिच्या कानाला दिला. तिनं सगळं ऐकलं. परत लाव म्हणाली, परत ऐकलं.

"हा नंबरच न्हाई, म्हणती की ती बाई."

"होय आई."

तिनं मोबाइल माझ्या हातात दिला.

"म्हंजी आता त्येला वाटंल, मीबी गेले."