भिंतीकडे तोंड केलेला माईक

माझी मोठी बहीण सुधाताई वारली त्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारत होतो. फोन आला. मी शिक्का खाली ठेवला आणि तिच्या सासरची, जाफराबादची एस.टी. धरली.

गूढ अनुभवांच्या असल्या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. भुताखेतांची पुस्तकं मी आयुष्यभर लोकांना काढून दिली. स्वतः वाचली ती झोप येईपर्यंत. विश्वास कधीच नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही... पण जे घडलं ते लिहून ठेवतो. सावकाश लिहितोय, कारण घाई केली तर पदरचं काहीतरी घालीन.

आमचं घर वडीगोद्रीला, हायवेवरच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. घरात मी आणि माझी बायको मंदा. ताई गेल्यावर तिची मुलगी ऋचा बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. आई नसली की मामाचं घर हेच माहेर.

ताई पाळणे म्हणायची. त्यातला एक तिचा स्वतःचा होता, कुठल्याच पुस्तकात नसलेला — मी शोधून पाहिलंय. 'आभाळी पिंजला कापूस, त्याची केली गादी' अशी सुरुवात. पहिली दोन कडवी एका चालीत. तिसऱ्यात चाल वर चढायची, एका जागी थांबायची आणि त्या थांबण्यानंतर बाळाचं नाव यायचं. म्हणताना ती पाळण्याच्या दांडीवर बोटाच्या पेरानं ठेका धरायची. मोबाईलवर मात्र कधी रेकॉर्ड करू दिलं नाही. आत्यानं कानात सांगितलेलं नाव आधी बाळाचं होऊ द्यावं, यंत्राला एवढ्यात कशाला ऐकवायचं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे ताईचा गातानाचा आवाज आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तिच्या लग्नाआधी गावातल्या बारशांना मी शेपटासारखा तिच्या मागे असायचो, म्हणून पाळण्याचे शब्द मला पाठ होते. चाल मात्र दोनच कडव्यांपर्यंत.

ऋचाला तो पाळणा तिच्या बाळाच्या बारशाला हवा होता.

"मामा, तुम्हाला येतो तेवढा म्हणा. आपण रेकॉर्ड करू. आईचं हे तरी राहू द्या."

बारशाला जमलेल्या बायकांत पुरुषानं पाळणा म्हणायचा, या कल्पनेनंच मला घाम फुटला होता. रेकॉर्डिंग लावलं की माझी सुटका. मी हो म्हणालो आणि माईक शोधायला बसलो.

मला काहीही घ्यायचं तर आधी त्यावर वाचावं लागतं. डायनॅमिक माईक तोंडाजवळचंच ऐकतो, पण त्याला मोकळा, खणखणीत आवाज लागतो. कंडेन्सर हळू आवाजही टिपतो — आणि त्याबरोबर ट्रकचा हॉर्न, कुकरची शिट्टी, कबुतरं, सगळंच. काहींना लॅपटॉपच्या आधी आणखी एक डबा जोडावा लागतो, काही सरळ लागतात. आम्हाला स्वस्तातला, सरळ लागणारा हवा होता. मी रिव्ह्यू वाचत राहिलो. ऋचाचे दिवस भरत आले.

"मामा, माईक घेऊन राह्यले का पीएच.डी. करून राह्यले?"

"अगं, मला पसंत करायला बी यांनी दोन पावसाळे घातल्ते," मंदा आतून म्हणाली. "मी बसले वाट पाहत. माईक बी बसंल. तुझं बाळ बसणार न्हाई!"

शेवटी कंडेन्सर मागवला. माझा आवाज वाचनालयातला. डायनॅमिकला तो पुरला नसता.

स्टुडिओ म्हणजे आमची धान्याची खोली. आवाज घुमू नये म्हणून ज्वारीची पोती आणि भिंतींवर गोधड्या. एक भिंत उघडी राहिली. बाळाची पहिली गोधडी आजीच्या लुगड्यांची, ही आमच्याकडची रीत. मंदानं ताईच्या साड्यांची एक शिवून ठेवली होती. ऋचानं तीच खिळ्यांना अडकवली.

"बाळ येईस्तोवर तिला तरी काय काम हाये?"

दुपारी जेवणानंतर मंदा शेजारी पापड लाटायला गेली. ऋचा बाहेरच्या खोलीत झोपली. मी दार लावलं. माईक पोत्यावर ठेवला. अलीकडे मी, पलीकडे ताईच्या साड्यांची गोधडी. एवढं वाचूनही या माईकला तोंड आणि पाठ असते, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. कंपनीचा शिक्का असतो ती बाजू गाणाऱ्याकडे हवी. मला वाटलं, देवळातल्या पंख्यावर देणगीदाराचं नाव जसं लोकांकडे करतात, तसं हेही असेल. मी शिक्का पलीकडे केला.

दोन कडवी नीट झाली. तिसऱ्याला शब्द आले, चाल आली नाही. पुन्हा म्हणून पाहिलं. मग गप्प बसलो. समोर गोधडीतला एक मोरपंखी काठ होता... ती साडी ताई कुठे नेसली होती ते आठवत राहिलो. मग खोकलो आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

संध्याकाळी ऋचानं हेडफोन लावला आणि हसायला लागली.

"मामा, तुम्ही अंबडला बसून म्हणले का? माईक उलटा ठेवला तुम्ही! एवढं वाचलं आन् त्याची पाठ आपल्याकडं?"

मग हसणं थांबलं. तिनं हेडफोन हातानं कानावर दाबून धरला. थोड्या वेळानं काढला आणि माझ्यापुढे केला.

माझा आवाज दूरचा, अंधुक. तिसरं कडवं अडतं. शांतता. आणि मग जवळून — ओठ माईकला टेकले असावेत इतक्या जवळून — एक श्वास. लाकडावर बोटाचं पेर. टक... टक. आणि गुणगुणणं. शब्द नाहीत, नुसती चाल. ती वर चढते, एका जागी थांबते. पुढे काही नाही. नंतर माझा खोकला, तसाच दूरचा.

"आई," ऋचा म्हणाली.

मंदानंही ऐकलं. "तुम्हीच गुणगुणले असाल. ध्यानात न्हाई तुमच्या."

मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मी माईकच्या पाठीमागे होतो. माझा खोकला जर दूरचा, तर गुणगुणणं जवळचं कसं? आणि ती चाल मला येतच नव्हती. ऐकल्यावर ओळखली, एवढंच. मंदा शेजाऱ्यांकडे होती, ऋचा झोपेत. माईकच्या तोंडासमोर लाकूडही नव्हतं. भिंत होती आणि गोधडी.

त्यानंतर मला स्वस्थता नव्हती. माईक सुलटा करून पाहिला, उलटा करून पाहिला. गोधडी काढली, परत लावली. भजनी मंडळाचा डायनॅमिक माईक उसना आणला. पाळणा म्हटला, थांबलो, वाट पाहिली. ट्रक आले, कबुतरं आली. दुसरं काही नाही. वाचायला घेतलं की तेच पान. ताट वाढलेलं असताना मी खोलीत जाऊन बसायचो.

"आता बास करा," मंदा एकदा दारात उभी राहून म्हणाली. "नणंदबाई काय तुमच्या हुकमाच्या हायेत का? बोलवलं की यायला? आल्त्या असतील तर लेकीसाठी आल्त्या. चला, भाकर गार होऊन राह्यली."

माईक परत पाठवायची मुदत होती. पाठवावा, म्हणजे हे संपेल, असं मला वाटत होतं. ऋचानं खोका उचलून आपल्या कपाटात ठेवला.

"परत करायचा न्हाई. आन् हे रेकॉर्डिंग चारचौघींत लावायचं बी न्हाई. चाल तर आली ना? मंग तुम्हीच म्हणा बारशाला."

मुलगी झाली. बारशाला गल्लीतल्या बायकांनी ओसरी भरली. आत्यानं कानात नाव सांगितलं. मी पाळण्याजवळ उभा राहिलो, तेवढ्यात हायवेवर हॉर्न वाजला.

"मामा, आवाज चढवा! ट्रकवाला जिंकून राह्यला!"

ऋचा ओरडली आणि सगळ्या हसल्या. मी सुरू केलं. दोन कडवी झाली. तिसऱ्याला माझं बोट दांडीवर गेलं — मी ठरवून नेलं नव्हतं. चाल वर चढली. थांबली. त्या थांबण्यात काहीतरी ऐकू येईल म्हणून मी जरा जास्तच थांबलो. पाळण्याची कडी करकरत होती, तेवढंच. मग मी नाव घेतलं. अन्वी.

ऋचा माझ्याकडे पाहत नव्हती. बाळाखालच्या गोधडीकडे पाहत होती.

आवाजाच्या शास्त्रातलं कळणाऱ्या एक-दोघांना मी ती फाईल ऐकवली. एक म्हणाला, भिंतीवरून परतलेला तुमचाच आवाज. मग गोधडी कशासाठी लावतात, असं विचारल्यावर त्यानं हेडफोन काढून ठेवला. दुसऱ्यानं पुन्हा पुन्हा ऐकलं आणि चहा न घेता गेला. मला स्वतःला काहीही सांगता येत नाही.

ऋचा बाळाला घेऊन सासरी गेली. गोधडी तिच्याबरोबर गेली. पाळणा आता मला पूर्ण येतो. ऋचानं मागे ठेवलेला माईक धान्याच्या खोलीत पोत्यावर आहे, तोंड भिंतीकडे. भिंतीवर नुसते खिळे आहेत.