लिहून कोणी दिलं?

"खरं सांगा बाई, लिहून कोणी दिलं?"

संपादकांनी माइकवरून विचारलं. भरल्या सभागृहात. लोक हसले. मी मंचावर उभी. त्यांच्या मासिकाचा ललितेतर पुस्तकाचा वार्षिक पुरस्कार माझ्या पुस्तकाला मिळाला होता.

मी तोंडवलीची. सातवी शिकलेली. वीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकते. नवरा होडीसकट समुद्रात बुडाला, तिसऱ्या दिवशी सापडला. त्यानंतर लिहायला लागले. गिऱ्हाईक नसताना, पोरीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर. मासळीच्या लिलावात आम्हा बायकांना कोण कसं ढकलतं, विधवा बाईला कोण काय बोलतं, नावानिशी लिहिलं.

"मीच लिवलंय," मी म्हटलं.

"हो हो," म्हणत त्यांनी पहिल्या रांगेतल्या सरांना वर बोलावलं. सर म्हणजे आमच्या हायस्कुलातले निवृत्त शिक्षक. माझ्या वह्या त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवल्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. तेव्हा मी त्यांच्या पाया पडले होते.

"या अनुभवाला शब्द देणारे खरे शिल्पकार!" संपादक म्हणाले. पहिली शाल सरांना.

मी सरांकडे बघितलं. आता नाही म्हणतील. सरांनी मान झुकवली. शाल घेतली.

अंगाची आग झाली. मी माइक ओढला.

"सर, घोव माजो बुडलो. वह्यो माज्यो. तुमची एक ओळ तरी ह्येच्यात आसा? सांगा सगळ्यांका."

सर शाल सावरत राहिले. संपादक कानाशी आले. "बाई, उपकार विसरू नका."

खालून माझी पोरगी रडवेली. "आये, खाली ये गो. लोक बघतत."

"बघूंदेत."

हातातलं पुरस्काराचं मानचिन्ह टेबलावर ठेवलं आणि उतरले.

पुढच्या अंकात फोटो आला. सरांचा. खाली 'शब्दांकन' म्हणून त्यांचं नाव. माझं कंसात.

आठवड्याने सर घरी आले, दारापुढच्या खळ्यात उभे राहिले. हातात दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ, त्यावर दोघांची नावं. "तुझ्याच भल्यासाठी गो. माझं नाव असलं की लोक विश्वास ठेवतील."

"सर, खळ्यातून भायर जावा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी असं बोलले.  ते गेले.

प्रकाशकाला कळवलं, दुसरं नाव घातलंत तर पुस्तक छापायचं नाही. उत्तर नाही. नसू दे.

दुसरं लिहिते आहे. मालवणीत. पोरीकडून टाइप करायला शिकले. बोटं अडखळतात, दिवसाला अर्धं पान होतं. यात सर आहेत, संपादक आहेत, हसलेले लोक आहेत. चुका असतील. त्या माझ्याच राहतील. एका अक्षरालाही कुणाला हात लावू देणार नाही.